ऊन लागलं नाही भाऊ, मानेतली नस बघा

नागपुरात मे महिन्यात कोणाला काहीही झालं की निदान घरीच होऊन जाते, ऊन लागलं. पन्हं प्या, कूलरसमोर पडा. पण बोलता बोलता जीभ जड झाली, एक हात लुळा पडला किंवा एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखं झालं अन् दहा मिनिटांत सगळं आपोआप जागेवर आलं, तर ते ऊन नसते. त्याला टीआयए म्हणतात, मिनी स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा छोटा झटका. मोठा झटका यायचा धोका पहिल्या दोनच दिवसांत सर्वात जास्त असतो, अन् आपले लोक नेमकं तेव्हाच "आता बरं वाटून राहिलं ना" म्हणून दवाखाना टाळतात.

भानगड बरेचदा मानेत असते. कंठाच्या दोन्ही बाजूंना कॅरोटिड धमनी असते, जबड्याखाली तिचे दोन फाटे होतात, एक मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. त्या फाट्यावर रक्त भोवरे घेते अन् चरबीचा थर तिथेच जमतो, बीपी, शुगर, सिगारेट अन् तंबाखू असला की जास्तच (खर्रा खाणाऱ्यांनी हे दोनदा वाचा). थराचा तुकडा सुटून वर गेला की झटका. डावी नस खराब असेल तर हात उजवा जातो, डोळा मात्र डावाच.

तपासणी सोपी आहे, डॉप्लर म्हणतात तिला, मानेच्या नसांची सोनोग्राफीच, धंतोली-रामदासपेठेत कुठेही होते. मानेला गार जेल लावून प्रोब फिरवतात, मशीनमधून फस्स-फस्स आवाज येतो अन् पडद्यावर रक्ताचा स्पीड दिसतो. कूलर भरताना पाइपवर अंगठा दाबला की धार जोरात सुटते ना, तसंच अरुंद जागी रक्त धावते. स्पीड सेकंदाला 125 सेंटिमीटरच्या वर गेला तर नस साधारण निम्मी बुजली समजा, 230 च्या वर गेला तर 70 टक्के. अगदी धाग्याएवढी वाट उरली की मात्र स्पीड परत कमी दिसतो, म्हणून नुसता आकडा पाहून खुश व्हायचं नाही, डॉक्टर गरज वाटली तर सीटी अँजिओ (नसांचा सीटी स्कॅन) करतात.

नुसती चक्कर येते म्हणून डॉप्लर करणारे पुष्कळ आहेत, पण एकट्या चक्करेचं कारण बहुतेक वेळा कानात निघते.

औषधं सगळ्यांनाच लागतात, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), रक्त पातळ करायची गोळी, बीपीची गोळी. ऑपरेशनचं वेगळं आहे. 1991 साली अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की लक्षणं येऊन गेलेल्या अन् नस 70 टक्क्यांवर बुजलेल्या पेशंटमध्ये, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत 26 टक्के लोकांना त्याच बाजूचा स्ट्रोक आला, नस उघडून थर काढलेल्यांत 9 टक्के. हा फायदा लक्षणं आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर जास्त. काहींना स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) टाकतात. लक्षणंच नसतील तर घाई नको, बहुतेकांचं गोळ्यांवर भागते. अन् नस शंभर टक्के बंद झाली असेल तर ती सहसा उघडत नाहीत, मेंदूला दुसऱ्या नसांतून रक्त मिळत असते.

एक राहिलंच, कटिंगनंतर न्हाव्याकडून कटकन मान मोडून घ्यायची सवय. त्या झटक्याने धमनीचा आतला पदर क्वचित फाटतो, अन् तसा स्ट्रोक तिशीतल्या पोरालाही येऊ शकतो.