वॉटर ब्लॉक बसवताना : चार स्क्रू, चार स्प्रिंग आणि नेमका दाब

वॉटर ब्लॉक म्हणजे प्रोसेसरवर बसणारा, त्याची उष्णता पाण्याला देणारा ठोकळा. तो बसवायचं आमचं माउंटिंग किट घेतल्याबद्दल आभार. पाकीट उघडल्यावर सुट्या भागांची गर्दी पाहून गोंधळू नका. एका किटमध्ये तीन-चार प्रकारच्या सॉकेटचं (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेचं) सामान असतं, त्यामुळे काम झाल्यावर निम्मं उरणारच. उरलेलं त्याच पाकिटात जपून ठेवा. पुढे मदरबोर्ड बदललात तर ब्लॉक बहुधा तोच चालेल, लागतील ते हेच भाग.

"तापमान उतरत नाही, पंप गेला का?" अशी विचारणा आमच्याकडे सतत येते. तपासायला घेतल्यावर बहुतेक वेळा पंप ठणठणीत असतो, ब्लॉकही स्वच्छ असतो. घोळ असतो तो स्क्रू आवळण्यात. म्हणून पंपाला दोष देण्याआधी हे पत्रक एकदा शांतपणे वाचा.

दाबाचं महत्त्व

प्रोसेसरचं झाकण आणि ब्लॉकचा तांब्याचा तळ हाताला गुळगुळीत लागतात, पण दोन्हींवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खळगे असतात. त्यांत अडकलेली हवा उष्णता अडवते, म्हणून आपण थर्मल पेस्ट लावतो. मात्र तांब्याची उष्णतावहनक्षमता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्विन आहे, तर चांगल्या पेस्टची साधारण ५ ते १५. पेस्टचा थर जितका पातळ, तितकी उष्णता लवकर पाण्यापर्यंत पोहोचते. जादा पेस्ट कडेला ढकलून थर पातळ करायचं काम दाबाचं, आणि दाब स्क्रू-स्प्रिंगांचा.

मध्यंतरी आमच्या टेबलावर एक ब्लॉक आला. उलटा करून दिव्याखाली धरला, तर एका कोपऱ्यात पेस्टचा पांढरा जाड थर तसाच होता, ट्यूबमधून काढल्यासारखा. समोरच्या कोपऱ्यात पेस्ट इतकी पिळून निघाली होती की खालचं तांबं उघडं दिसत होतं. मालकाने एक स्क्रू शेवटपर्यंत आवळून मगच दुसरा हातात घेतला होता. ब्लॉक तिरका बसला आणि तसाच राहिला. पुसून, नीट बसवून परत दिल्यावर तोच ब्लॉक, तोच पंप व्यवस्थित चालला.

स्प्रिंग काय करते

स्प्रिंग जितकी दबते, त्या प्रमाणात ती जोर लावते. आमच्या स्क्रूंना खांदा आहे. तो टेकला की स्क्रू पुढे जात नाही आणि स्प्रिंग ठरलेल्या मापाइतकी दबलेली राहते. म्हणजे किती आवळायचं हा अंदाज तुमच्या मनगटावर सोडलेलाच नाही. स्क्रू टेकेपर्यंत फिरवा आणि तिथे थांबा. टेकल्यानंतर "अजून थोडं" म्हणून जोर लावला तर दाब वाढत नाही, आटे मात्र जातात. इलेक्ट्रिक ड्रिल या कामाला अजिबात वापरू नका.

स्प्रिंग नसलेल्या जुन्या किटमध्ये ही मर्यादा नसते. जास्त आवळलं की मदरबोर्ड वाकतो, सॉकेटच्या पिनांवर दाब कमी-जास्त पडतो आणि कधीकधी रॅमची एखादी पट्टी दिसेनाशी होते. रॅम खराब झाली असं वाटून ती बदलण्याआधी ब्लॉक थोडा सैल करून पाहा.

तुमचं सॉकेट कोणतं

इथे मिलिमीटरचा हिशेब आहे, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

इंटेलच्या एलजीए ११५६ सॉकेटपासून एलजीए १२०० पर्यंत मदरबोर्डवरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी राहिलं. २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० ला ते ७८ मिमी झालं, आणि २०२४ च्या एलजीए १८५१ ला तेच ठेवलं आहे. ३ मिमीचा फरक म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिमी. लांबट भोकांचा ब्रॅकेट (ब्लॉक धरून ठेवणारी पट्टी) असेल तर ओढूनताणून जुनं किट नव्या बोर्डावर बसतंही, आणि धोका तिथेच आहे. एलजीए १७०० मध्ये प्रोसेसरच्या झाकणाची उंचीही सुमारे पाऊण मिमी कमी झाली. समजा, स्प्रिंग ४ मिमी दबायला हवी. जुन्या उंचीचे स्टँडऑफ (ब्लॉकचे स्क्रू ज्यांत बसतात ते छोटे खांब) लावले तर ती सव्वातीन मिमीच दबेल आणि जवळजवळ पाचवा हिस्सा दाब हातचा जाईल. स्क्रू मात्र पूर्ण टेकलेले असतील, सगळं व्यवस्थित दिसेल. म्हणून किटमधले स्टँडऑफ मापाप्रमाणे वेगळ्या पुड्यांत दिले आहेत. ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

एलजीए २०११ आणि २०६६ या मोठ्या सॉकेटना बॅकप्लेट (बोर्डाच्या मागून स्क्रू धरणारी पाटी) लागत नाही, सॉकेटच्या चौकटीतच आट्यांची भोकं असतात. त्यांतही चौकोनी आणि अरुंद असे दोन प्रकार आहेत : चौकोनीला ८० मिमी अंतर, अरुंदला ५६ बाय ९४. ब्रॅकेट मागवण्याआधी पट्टी लावून मोजा.

एएमडीच्या एएम४ आणि एएम५ दोन्हींना भोकांचं अंतर ५४ बाय ९० मिमी. फरक मागच्या बाजूला आहे. एएम४ मध्ये पुढचे चार स्क्रू काढले की बॅकप्लेट सुटी होते, म्हणून मागून हात धरा. एएम५ मध्ये बॅकप्लेट सॉकेटलाच जोडलेली असते, तिचे ताऱ्यासारख्या खाचेचे स्क्रू उघडू नका. मूळ बॅकप्लेटच वापरायची. या बॅकप्लेटचे आटे ६-३२ मापाचे, म्हणजे इंचाला ३२. मेट्रिक स्क्रू तिथे जबरदस्तीने घालू नका.

बसवताना

तांब्याच्या तळावरची पारदर्शक फिल्म आधी काढा. ती तशीच राहिलेले ब्लॉक आम्ही पाहिले आहेत. बॅकप्लेट आणि बोर्ड यांच्यामध्ये इन्सुलेशनची पट्टी किंवा प्लॅस्टिकचे वॉशर हवेतच, धातू थेट बोर्डाला लागता कामा नये.

पेस्ट लावून ब्लॉक सरळ वरून टेकवा. प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. आटे जुळले की बोटांना हलकीशी "टक" जाणवते. तिथून सुलटा फिरवायला लागा. अर्ध्या फेऱ्यातच घट्ट झाला तर आटे तिरके लागले आहेत, मागे घ्या. चारही स्क्रू बोटांनी दोन-दोन फेरे धरले की मग स्क्रू ड्रायव्हर घ्या. एकदा वरचा डावा, मग खालचा उजवा, मग उरलेले दोन. दर वेळी एक फेरा, शेवटी शेवटी अर्धा. चारही एका पातळीने खाली यायला हवेत.

पहिल्यांदाच बसवत असाल तर पाणी भरण्याआधी ब्लॉक एकदा काढून पेस्टचा ठसा पाहा. थोडी पेस्ट वाया जाईल, पण मनात शंका उरणार नाही. मध्यभागी पातळ, सलग थर आणि कडेला सगळीकडे सारखी वर आलेली पेस्ट असेल तर उत्तम. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी पेस्ट लावा.

आणखी एक, फार महत्त्वाचं : ब्लॉकच्या अंगावरचे बारीक स्क्रू माउंटिंगचे नाहीत. ते तळ आणि वरचा भाग ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) दाबून धरतात. ते सैल केले तर पाणी थेट बोर्डावर गळेल.

तापमान वाचताना

पूर्ण लोड द्या, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण क्षमतेने कामाला लावा, आणि पहिले काही सेकंद आकड्यावर लक्ष ठेवा. आकडा क्षणात वर उडाला आणि पाणी मात्र अजून कोमटही नसेल, तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. स्क्रू, स्टँडऑफ, पेस्ट तपासा. आकडा मिनिटामिनिटाने वर चढत असेल तर माउंटिंग बरं आहे. पंप, पंखे, रेडिएटरकडे पाहा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे काही प्रोसेसर मात्र पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत मुद्दाम जातात. तेवढ्यावरून माउंटिंग चुकलं असं समजू नका.

काढताना

एएम४ चा प्रोसेसर पिनांवर उभा असतो आणि वाळलेली पेस्ट त्याला ब्लॉकसोबत सॉकेटमधून उपटून काढू शकते. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून वीज काढा. स्क्रूही बसवताना जसे आवळले तसेच समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. ब्लॉक डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सुटला की मगच उचला.

एवढं करूनही अडलं तर आम्हाला कळवा. सोबत सॉकेटचं नाव, कोणते स्टँडऑफ वापरले, ब्लॉक आणि प्रोसेसर दोन्हींवरच्या ठशाचे फोटो, आणि लोड दिल्यावर पाचव्या सेकंदाला व दहाव्या मिनिटाला दिसलेलं तापमान द्या. फोटो काढण्याआधी पेस्ट पुसू नका.