‘ते’ आले की ‘ते’ आलं?

१९६१पर्यंत गोव्याच्या कारभाराची भाषा पोर्तुगीज होती आणि तिच्यात लिंगं दोनच. १९८७च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीला वापराची मुभा मिळाली. दोन्हींत लिंगं तीन. तिसरं हाताशी असूनही नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त बाई न मानणाऱ्या, माणसाची अडचण सुटलेली नाही.

स्वतःबद्दल बोलताना वाट काढता येते. ‘मी आलो’ की ‘मी आले’ इथे जीभ अडते, पण ‘मी येणार’, ‘मला जायचंय’, ‘मी चहा घेतला’ यांत बोलणाऱ्याचं लिंग उमटत नाही. समोरच्याला ‘तुम्ही आलात’ म्हटलं की झालं. कोंकणी तर वर्तमानकाळात आणखी मोकळी: तो वता, ती वता, तें वता.

पंचाईत होते ती तिसऱ्याविषयी बोलताना. स्वीडिशमधलं ‘हेन’ हे ‘तो’ की ‘ती’ न सांगणारं सर्वनाम २०१५मध्ये अधिकृत शब्दसूचीत आलं, इंग्रजी ‘दे’ (they) एकवचनी, नॉन-बायनरी व्यक्तीसाठी, हा अर्थ २०१९मध्ये एका मोठ्या अमेरिकी कोशात. त्या ‘दे’साठी मराठीत ‘ते’ सुचवलं जातं. पण आपल्याकडे ‘ते’ दोन आहेत. ‘ते आले’ हे आदरार्थी, मात्र पुल्लिंगी. बाईंसाठी ‘त्या आल्या’ असतं. ‘ते आलं’ हे नपुंसकलिंगी. पहिल्याने ऐकणाऱ्यापुढे पुरुष उभा राहतो. दुसऱ्यावर आक्षेप असा, की वस्तूचं रूप माणसाला लावलं. मला तो अर्धाच पटतो. ‘लेकरू दमलं’ म्हणताना वस्तू कुणाच्या मनात येते? खरा काटा व्याकरणातल्या नावात आहे. ‘नपुंसक’ ही शिवी आहे, आणि तृतीयपंथीयांनी ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे.

गोव्यात आणखी एक पदर आहे. कोंकणीत चेडवाला, म्हणजे मुलीला, ‘तें’ म्हणतात: ‘तें आयलें’. थोरल्या बाईला ‘ती’. त्यामुळे माणसासाठी नपुंसकलिंग इथल्या कानाला परकं नाही, पण त्यातून ऐकू येते मुलगी. जन्मतः मुलगी ठरवलेल्या ज्या व्यक्तीला त्या ओळखीतून बाहेर पडायचंय, तिला ‘तें’ पुन्हा तिथेच नेऊन बसवतं. घरात कोंकणी आणि वाचायला मराठी, अशा घरांत मराठी ‘ते’लाही हा वास लागतो.

२०१४च्या न्यायालयीन निकालाने तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली. अर्जांवर ‘तृतीयपंथी’ असा रकाना येऊ लागला. पण तो शब्द एका समाजाचा आहे, त्याच्या स्वतःच्या परंपरेसह. प्रत्येक नॉन-बायनरी माणूस त्या समाजातला नसतो. आणि रकाना भरून झाला, तरी खिडकीपलीकडचा माणूस सहकाऱ्याला सांगताना ‘तो आला’ किंवा ‘ती आली’ असंच म्हणतो.