ब्रेकचा आवाज आणि ‘डिस्क बेंड’: पार्श्वभूमी

चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर (डिस्कवर) पॅड दाबून गाडी थांबवणाऱ्या डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ सालचं, इंग्लंडमधलं. त्याला तांब्याचे पॅड होते आणि धातूवर धातू घासून ते भयंकर किंचाळत. अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आलं तेव्हा तो आवाज बसला. अँबॅसिडर-पद्मिनीच्या ड्रम ब्रेकमध्येही तेच अस्तर, म्हणजे लायनर, असायचे. ब्रेक चिरकले की मेकॅनिक ड्रम उघडायचा, हवेच्या झोताने धूळ उडवायचा, लायनर काचकागदाने घासून द्यायचा. ती धूळ फुप्फुसांत जायची, हे फार उशिरा मनावर घेतलं गेलं. युरोपात २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आहे. त्याच्या जागी आलेल्या अनेक पॅडमध्ये पोलादाचे तंतू असतात. ते उष्णता सोसतात, पण आवाज जास्त करतात.

खरा घोळ ‘डिस्क बेंड’ या शब्दाने घातला. ब्रेक मारताना पॅडल थरथरलं, वेगाबरोबर घुर्र-घुर्र वाढली, की गॅरेजात निदान ठरलेलं: डिस्क बेंड झाली. प्रत्यक्षात बिडाची डिस्क नुसती तापून वाकल्याचं क्वचितच आढळतं. घाटात उतरताना पॅड अतिशय तापतात आणि त्यांचा थर डिस्कवर कुठे जाड, कुठे पातळ बसतो. हबवर, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या चाकाच्या मधल्या भागावर, गंज राहिला किंवा नट असमान आवळले, तर डिस्क किंचित डोलते आणि काही हजार किलोमीटरांत एकाच बाजूने झिजते. जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांचा फरक पडला तरी तो पायाला जाणवतो. डोलणं मोजणारा डायल गेज आणि जाडी मोजणारा मायक्रोमीटर न लावता ‘बेंड’ म्हणणं हा माझ्या मते अंदाज आहे, आणि त्याचं बिल ग्राहक भरतो. डिस्क लेथवर घासायची की बदलायची, हा वाद अजून चालूच आहे. घासायला हरकत नाही, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली जाऊन चालणार नाही. शिवाय हब साफ केला नाही, तर घुर्र-घुर्र परत येते.

बारीक, तीक्ष्ण ‘चीं’ येत असेल तर आधी पॅडची जाडी बघावी. अनेक पॅडवर पत्र्याची जीभ असते. पॅड संपत आला की तिने ओरडावं, यासाठीच ती बसवलेली असते.

एप्रिल २०१९ पासून भारतात प्रत्येक नव्या कारला एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं आणि घसरड्या रस्त्यावरची त्याची खडखड लोकांना बिघाड वाटू लागली. इलेक्ट्रिक गाड्यांत वेग बराचसा मोटरच कमी करते, म्हणून पॅड कमी घासले जातात आणि पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो. सकाळची ती खरखर चार-पाच ब्रेकांत जाते. नाही गेली, तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना अडकल्यात का ते पाहावं.