तिरकं केलं म्हणजे इटॅलिक होत नाही

मराठी मजकूर सिलेक्ट करून इटॅलिकचं बटण दाबलं की अक्षरं उजवीकडे कलतात, त्यामुळे इटॅलिक म्हणजे एवढंच असं बहुतेकांना वाटतं. देवनागरीच्या छपाईत इटॅलिकची जुनी परंपरा नाही, म्हणून आपल्याकडे बहुधा नुसतंच कलवलेलं असतं, पण रोमन लिपीत ते वेगळंच अक्षर आहे. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियसच्या छापखान्यातून व्हर्जिल या प्राचीन रोमन कवीच्या कवितांचं छोटं पुस्तक निघालं, अख्खं इटॅलिकमध्ये. फ्रान्चेस्को ग्रिफोने त्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, घडवले, ते त्या काळच्या इटालियन विद्वानांच्या भरभर लिहिलेल्या हस्ताक्षरावरून. आणि त्यात कॅपिटल अक्षरं चक्क सरळ उभी होती! म्हणजे महत्त्व लिहिण्याच्या लयीला होतं, कलण्याला नाही.

आता माझा आवडता भाग, लाइट इटॅलिक सेरिफ, म्हणजे बारीक रेषांचं आणि टोकांना छोटे फाटे असलेलं इटॅलिक. कॉर्मोरंट गॅरामॉन्ड या फॉन्टचं लाइट इटॅलिक मोठ्या आकारात बघा, काय देखणं दिसतं! पण तेच १६ पिक्सेलला लावलं की साध्या मॉनिटरवर पुसट होतं. का? समजा फॉन्टची जाड दांडी अक्षराच्या साइझच्या ५ टक्के आणि बारीक रेष २ टक्के आहे. १६ पिक्सेलला दांडी ०.८ पिक्सेल आणि रेष ०.३२ पिक्सेल, म्हणजे दोन्ही एका पिक्सेलपेक्षा कमी. अर्धा पिक्सेल रंगवता येत नाही म्हणून कॉम्प्युटर तो करडा करतो, त्यात दांडी १२ अंश कललेली, दर पाचेक पिक्सेल वर गेलं की एक पिक्सेल बाजूला सरकते, त्यामुळे ती पिक्सेलच्या एका उभ्या रांगेत मावत नाही, दोन रांगांत पसरते आणि आणखी फिकी पडते. जाड-बारीकचा फरक, जो या अक्षराचा जीव आहे, तोच जातो. ६० पिक्सेलला दांडी ३ आणि रेष १.२, तिथे सगळं जागेवर येतं. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक साइझ वेगळी घडवायचे आणि लहान साइझमध्ये रेषा मुद्दाम जाड ठेवायचे, आता बहुतेक फॉन्टमध्ये एकच चित्र लहान-मोठं होतं.

म्हणून हा फॉन्ट शीर्षकाला, कवितेच्या नावाला, इंग्रजी लग्नपत्रिकेला वापरा, औषधाच्या सूचनांना किंवा फोटोखालच्या ओळींना नको.

तिरकं अक्षर म्हणजे हळवा स्वभाव वगैरे ग्राफॉलॉजीवाले, म्हणजे हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखणारे, सांगतात, त्याला चाचण्यांमध्ये आधार मिळालेला नाही, त्यावर पैसे घालवू नका.

वेबसाइट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इटॅलिकची फाइल लोड केली नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरकं करतो. असं ढकललं की गोल अक्षराची वरची उजवी आणि खालची डावी बाजू जाड होते, उरलेल्या दोन बारीक, आणि गॅरामॉन्डसारख्या जुन्या वळणात नेमक्या त्याच दोन बाजू आधीच बारीक असतात, म्हणजे लाइटमध्ये त्या जवळजवळ गायबच. ओळखायचं कसं तर स्मॉल ए बघा, गॅरामॉन्डच्या खऱ्या इटॅलिकमध्ये तो हाताने लिहितो तसा एकमजली असतो, सरळ एची वरची टोपी तशीच दिसली तर फाइल लोड झालेली नाही.