एकाच गडग्यावरची दोन शेवाळे

मृगाच्या सरी लागल्या की रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे गडगे, विहिरींचे काठ आणि पाखाड्या थोड्याच दिवसांत हिरव्या, बुळबुळीत होतात, आणि त्या सगळ्याला आपण शेवाळ हे एकच नाव देतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या थरात दोन निराळ्या घडणीचे जीव दिसतात. त्यांपैकी नीलहरित शैवाल हे नावापुरते शैवाल असून प्रत्यक्षात जिवाणू आहे, तर हिरव्या शैवालाची पेशी माडाच्या किंवा भाताच्या पेशीच्या जातकुळीतली आहे.

रंगावरून निवाडा करू नये. माडाच्या खोडावर आणि जुन्या भिंतींवर दिसणारा नारिंगी थर पुष्कळदा ट्रेंटेपोलियाचा असतो, आणि तेही हिरवे शैवालच आहे. त्याचे हरितद्रव्य नारिंगी रंगद्रव्याखाली झाकलेले असते. आकारही फसवा आहे, कारण जिवाणू साधारणतः १ ते ५ मायक्रोमीटरचा आणि वनस्पतीची पेशी १० ते १०० मायक्रोमीटरची असली, तरी काही नीलहरित शैवालांच्या पेशी हिरव्या शैवालांच्या पेशींहून मोठ्या भरतात.

खरी खूण आतल्या रचनेत आहे. हिरव्या शैवालाचा डीएनए दुहेरी पटलाच्या केंद्रकात बंदिस्त असतो, श्वसनासाठी तंतुकणिका आणि प्रकाशसंश्लेषणासाठी हरितलवक अशा वेगळ्या खोल्या असतात. नीलहरित शैवालात यांतले काहीच नाही: डीएनए आवरणाविना पेशीद्रवातच असतो आणि प्रकाश टिपणारी पटलेही तिथेच पसरलेली असतात. प्राण्याच्या पेशीला भित्तिका, म्हणजे बाहेरची टणक भिंत, आणि हरितलवक नसतात, पण केंद्रक, तंतुकणिका आणि मोठ्या घडणीचे रायबोझोम, म्हणजे प्रथिने बनवणारे कण, हिरव्या शैवालाप्रमाणेच असतात; त्यामुळे रचनेच्या दृष्टीने हिरवे शैवाल त्याच दगडावरच्या नीलहरित शैवालापेक्षा समुद्रातल्या बांगड्याला अधिक जवळचे आहे. हे प्रथम वाचताना पटत नाही, पण पेशीचे वर्गीकरण समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

भित्तिकेपाशी विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात, कारण जिवाणूला आणि वनस्पतीला, दोघांनाही ती असते. मात्र वनस्पतींची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची, तर नीलहरित शैवालासह बहुतेक जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची असते. पेनिसिलिन या दुसऱ्या द्रव्याचीच बांधणी रोखते, आणि आपल्या पेशींना भित्तिकाच नसल्यामुळे त्यांना त्याची झळ लागत नाही.

भातखाचरांत या जिवाणूचे मोल फार मोठे आहे. भारतीय भातशेतीत नत्राची भरपाई नीलहरित शैवाले करतात, हे संशोधक पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवले. हवेतला नत्र बांधणारे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते, आणि प्रकाशसंश्लेषणात तर प्राणवायूच बाहेर पडतो. ही अडचण नॉस्टॉकसारखी नीलहरित शैवाले आपल्या पेशींच्या माळेतल्या काही पेशी जाड आवरणाच्या आणि प्राणवायू न सोडणाऱ्या करून सोडवतात. या पेशींना हेटरोसिस्ट म्हणतात. भाताच्या स्वतःच्या पेशीला हे काम जमत नाही.

तरीही वनस्पतीची पेशी आणि नीलहरित शैवाल यांच्यात एक जुने नाते आहे. हरितलवकाला स्वतःचा डीएनए आणि जिवाणूंच्या घडणीचे लहान रायबोझोम असतात. एका प्राचीन पेशीने गिळलेला नीलहरित जिवाणू न पचता तिच्यातच राहिला आणि त्याचेच पुढे हरितलवक झाले, हा विचार रशियन जीवशास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये मांडला. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये तो नव्याने पुढे आणला आणि आज तो सर्वमान्य आहे. म्हणूनच जिवाणूंच्या रायबोझोमवर मारा करणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकामुळे कोवळ्या रोपांची हिरवी पानेही पांढरी पडू शकतात.