आभाळ शनिवारवाड्यावरचं, पाणी टेमघरचं

"पूर आलाय म्हणे तुमच्याकडे. येऊ की तिकीट रद्द करू?" नांदेडहून मावसबहिणीचा फोन. तिला शनिवारवाडा बघायचा होता आणि टीव्हीवर भिडे पूल बुडालेला दिसत होता. आता भिडे पूल बुडणं ही पुणेकराच्या लेखी बातमीच नाही. तो इतका ठेंगणा आहे की नदी जरा फुगली की पहिला पाण्याखाली जातो. मी विचारलं, "खडकवासला धरणातून किती पाणी सोडलंय?" ती वैतागली. "मला काय ठाऊक? पाऊस आहे का तेवढं सांग ना."

पाऊस नव्हता. डेक्कनवर चक्क ऊन पडलं होतं आणि खाली मुठा नदी मातकट होऊन दोन्ही काठ धरून चालली होती.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि आपलं बहुतेक ओझं घाटातच उतरवते. पुण्यापर्यंत पोचते ती उरलीसुरली. त्यामुळे घाटातल्या टेमघरला शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचं पाणी येतं खडकवासल्यात. चारही धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम १.९७. पिंपाच्या तोटीखाली पेला धरावा तसा हा प्रकार. वरची धरणं भरली की पेला ओसंडणारच, आणि दारं उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

२५ जुलै २०२४ ला हा विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर! आपल्या सोसायटीत येतो तसे १० हजार लिटरचे शंभर टँकर, एका सेकंदात. वरून येणारं पाणी थांबलं असतं, तर या वेगाने भरलेलं खडकवासला सोळा तासांच्या आत रिकामं झालं असतं. त्या पहाटे सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. घाटातला पाऊस आणि शहरातला पाऊस एकाच वेळी आला होता. असा योग नेहमी येत नाही, पण येतो.

म्हणून पाहुण्यांना मी आभाळाकडे बघू नका, विसर्गाचा आकडा बघा असं सांगते. धरण ते डेक्कन नदीचा प्रवास साधारण १५ किलोमीटर. पाणी सेकंदाला दोन मीटर धावलं, तरी दोन तास हाताशी असतात. नदीपात्रातल्या रस्त्यावर लावलेली गाडी काढायला तेवढे पुरेत. गाडी राहिलीच तर पाण्यात उतरू नये. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. जोरात वाहणारं फूटभर पाणीसुद्धा छोटी मोटार उचलून नेतं.

जुनं पुणं मात्र बरंचसं कोरडं राहतं. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती ही ठिकाणं नदीपासून हाकेच्या अंतरावर आहेत, पण उंचावर. भिजतात ते ओंकारेश्वराकडचे घाट, पुलाची वाडी आणि पात्रात आपण अलीकडे घुसवलेलं सगळं. अपवाद १२ जुलै १९६१ चा. त्या दिवशी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पाणी पेठांत शिरलं. भारत इतिहास संशोधक मंडळातली जुनी कागदपत्रंही भिजली. नारायण पेठेतली जुनी माणसं पाणी कुठवर होतं ते अजून हात वर करून दाखवतात. पण ते धरणफुटीचं पाणी होतं. दर पावसाळ्यातल्या विसर्गाला तो हिशेब लावू नये.

मला खरी धास्ती आंबिल ओढ्याची वाटते. नानासाहेब पेशव्यांनी या ओढ्याचा प्रवाह वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं बांधलं. आज तिथे सारसबाग आहे, आणि गणपती अजूनही तळ्यातलाच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरांवर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि ओढ्याने काठावरच्या वस्त्यांतली माणसं नेली. नदीच्या विसर्गाची आधी सूचना तरी मिळते. ओढ्याचं पाणी थेट डोंगरावरून येतं, आणि फार तर तासाभरात. पर्वतीहून उतरताना आभाळ काळं झालं, तर ओढ्याकाठचा रस्ता सोडावा हे बरं.

बहीण आली, पूर ओसरल्यावर आठ दिवसांनी. लकडी पुलावर उभं राहून पाणी बघून झालं (पुणेकराला पूर बघायला बोलवावं लागत नाही, पाहुण्यांनाही तो नाद लगेच लागतो). मग नदीजवळच्या एका जुन्या वाड्यात शिरलो. खालचा काळ्या दगडाचा जोता धडधाकट होता. वर विटांची भिंत कंबरेइतकी पांढरी पडलेली, कोणी पीठ उडवल्यासारखी. लोणा. भिजलेली वीट आपल्या बारीक छिद्रांतून जमिनीतलं पाणी वर ओढते, दिव्याची वात तेल ओढते तसं. त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. ऊन पडलं की पाणी उडून जातं, क्षार छिद्रांतच राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि विटेला आतून फोडतात. त्यामुळे भिंत पुरात शाबूत दिसते आणि चांगलं ऊन पडल्यावर ढासळायला लागते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल कोंडते आणि आणखी वर चढते. काळ्या दगडात इतकी छिद्रं नसतात, म्हणून जोता वाचतो.

बहिणीने बोटाने ती पांढरी भुकटी खरवडली आणि मी नको म्हणेपर्यंत जिभेला लावली.

"खारट आहे गं," ती म्हणाली. "आजीच्या घरच्या भिंतीसारखी."