हलके रोलर की कडक स्प्रिंग?

दौलताबादचा घाट डबलसीट चढताना गिअरलेस स्कूटर दमली, की गॅरेजात दोन उपाय ठरलेले असतात: हलके रोलर (बेल्ट सरकवणारी छोटी गोल वजनं) टाका, नाहीतर कडक स्प्रिंग टाका. दोन्हींनी इंजिनाचा आवाज चढतो, म्हणून पुष्कळांना दोन्ही सारखेच वाटतात. तसं नाही.

जुनी चेतक चालवलेल्यांना हे लवकर कळेल. चढ लागला की डावी मूठ फिरवून आपणच खालचा गिअर टाकायचो. गिअरलेस गाडीत बेल्ट पुलीवर वर-खाली सरकतो, तेच गिअर. पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, बहुतेक गाड्यांना सहा रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात, पुलीची एक बाजू ढकलतात आणि बेल्ट कडेकडे चढतो. वरचा गिअर पडला. मागच्या पुलीवरची मोठी स्प्रिंग बरोबर उलटा जोर लावते. बेल्ट घट्ट धरायचा आणि खालच्या गिअरकडे ओढत राहायचं, हे तिचं काम. चढावर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, उतरले की रोलर ढिले पडतात आणि स्प्रिंग वरचढ होते. चेतकवरचा तो डावा हात म्हणजे ही स्प्रिंग! तिच्या जोडीला मागच्या पुलीत तिरक्या खाचा असतात. चाकावर भार आला की त्याही बेल्ट आवळतात.

रोलरचा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो: आरपीएम दुप्पट, तर जोर चौपट. म्हणून वजन १० टक्के कमी केलं तर इंजिन साधारण ५ टक्के जास्त फिरल्यावर बेल्ट सरकतो: ६००० च्या जागी सुमारे ६३००. फरक छोटा दिसतो, पण पिकअप लगेच जाणवतो. त्यामुळे ग्रॅम-अर्ध्या ग्रॅमनेच बदल करावा. फार हलके टाकले तर जालना रोडसारख्या सपाट रस्त्यावरही इंजिन ओरडत राहतं आणि ॲव्हरेज पडतं. फार जड टाकले तर वरचा गिअर लवकर पडतो आणि चढावर इंजिन दबतं.

कडक स्प्रिंग चढावर बेल्ट लवकर मागे, खालच्या गिअरवर आणते, हे खरं. पण तोच जोर सपाटीवरही बेल्टवर बसतो. बेल्ट जास्त तापतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो आधीच तापलेला असतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: आधी रोलर, बेल्ट घसरत असेल किंवा चढावर वेळेत मागे येत नसेल तरच स्प्रिंग. त्याही आधी कव्हर उघडून बघा. माझ्या गाडीत रोलर एका बाजूने चपटे झाले होते. कंपनीच्याच वजनाचे नवे टाकले आणि म्हैसमाळचा चढ पुन्हा पूर्वीसारखा निघाला.

गॅरेजात नुसतं ‘स्प्रिंग’ म्हणू नका. क्लचच्या छोट्या स्प्रिंगा वेगळ्या. गाडी किती आरपीएमला जागेवरून सुटते एवढंच त्या ठरवतात.

राहिला टॉप स्पीड. पुढच्या पुलीच्या आतल्या उतारावर मार्करने मधून कडेपर्यंत रेघ मारा, मोकळ्या रस्त्यावर गाडी पूर्ण पळवा आणि पुन्हा उघडा. बेल्ट जिथवर चढतो तिथवर रेघ पुसली जाते. कडेजवळ ती शिल्लक असेल, तर रोलर हलके आहेत, स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे किंवा बेल्ट झिजून अरुंद झालाय. कडेपर्यंत पुसली असेल, तर बेल्ट पूर्ण चढतोय; त्यापुढचा वेग इंजिनाची ताकद आणि मागच्या चाकाजवळच्या दातेरी गिअरांवर आहे.